माणूस काढा

मी कादंबऱ्या लिहितो, ही गोष्ट आमच्या गावात कुणी फारशी मनावर घेतलेली नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका मध्यम वस्तीच्या गावात मी चित्रकलेचा मास्तर आहे, एवढीच माझी ओळख. आणि ती मला पुरते. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. दहावीला आता कुणी मॅट्रिक म्हणत नाही. पण आमचे वडील म्हणत आणि त्यांच्या तोंडी तो शब्द मोठा वाटे, म्हणून मीही तोच वापरतो. पुढे दोन वर्षे ब्रश धरायला शिकलो आणि शाळेत लागलो. त्याला आता वीस वर्षे होऊन गेली.

लेखक आणि मास्तर, या दोन्ही पेशांना एक खोड जडते. माणसाच्या मनातले आपल्याला कळते, असे वाटू लागते. लेखकाचे एक वेळ ठीक आहे. त्याच्या पात्राच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक असतेच, कारण ते त्यानेच तिथे ठेवलेले असते. मास्तरासमोर बसलेली पोरे मात्र त्याने लिहिलेली नसतात. हा फरक माझ्या ध्यानात यायला फार उशीर लागला. त्या उशिराचीच ही हकीकत आहे.

दीड वर्षापूर्वी माझ्या मुलीने अकरावीला मानसशास्त्र हा विषय घेतला. पुस्तक घरात आले तसे रात्री जेवणे झाल्यावर मीच ते आधी वाचू लागलो. चेहऱ्यावरून स्वभाव कसा ओळखावा, स्वप्नाचा अर्थ कसा लावावा, असे काहीतरी कादंबरीला उपयोगी पडणारे सापडेल, अशी माझी अपेक्षा होती. सुरुवातीच्या पानांत त्यातले काही नव्हते. निरीक्षण कसे करावे, शब्दाची व्याख्या मोजता येईल अशी कशी करावी, दोन गट कसे पाडावेत, चिठ्ठ्या का टाकाव्यात, असलाच मजकूर. मी मुलीला म्हणालो, "हे तर नुसते तागडीचे वर्णन झाले. माल कुठे आहे?"

पण या शास्त्राचा जन्मच मुळी तागडीतून झालेला आहे. १८७९ साली जर्मनीत लाइपझिश येथे विल्हेल्म व्हुंट यांनी प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून त्याचे वय मोजतात. तिथे त्यांनी काय केले, तर चेंडू फळीवर आपटल्याचा आवाज कानी पडल्यापासून बोटाने कळ दाबेपर्यंत किती वेळ जातो, ते मोजले. मनाचा ठाव घेण्याच्या गोष्टी माणूस हजारो वर्षे करीत होता. पण मोजता येईल एवढा लहान प्रश्न विचारायला फारसे कुणी धजले नव्हते. आपल्याकडे १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखाली या विषयाचा पहिला विभाग सुरू झाला.

एके रात्री जेवताना मी सहज म्हणालो, "पाचवीत एक पोरगा आलाय, अगदी ढ आहे." मुलीने घास हातात धरून विचारले, "बाबा, हे निरीक्षण की अनुमान?"

मी हसलो. तिने मात्र हसण्यावारी नेले नाही. तो काय करतो ते सांगा, म्हणाली. मी म्हणालो, विचारले तर खाली पाहतो, बोलत नाही. "मग तेवढंच निरीक्षण. ढ हे तुम्ही घातलं." त्या वेळी मी विषय बदलला. पण तो घास मला नीट गिळता आला नाही. तिला माहीत नसलेला एक जुना मुलगा मला आठवला होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी तो आमच्या शाळेत पाचवीत आला. मानोऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावरचा. घरी बोलायची ती गोरमाटी, पुस्तकात मराठी, आणि मास्तर घाईत असला म्हणजे वऱ्हाडी, अशा तीन भाषांतून त्या दहा वर्षांच्या पोराला वाट काढावी लागे. त्याचे नाव सांगत नाही. तो आता कर्ता पुरुष झाला असेल आणि त्याची परवानगी मी घेतलेली नाही.

त्या काळी मला एका कसोटीचे वेड होते. अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स गुडइनफ या बाईंनी १९२६ साली ती प्रसिद्ध केली. मुलाला कोरा कागद द्यायचा आणि सांगायचे, माणूस काढ. चित्र सुंदर आहे की नाही हे पाहायचे नाही. डोके आहे का, मान आहे का, धड रुंदीपेक्षा लांब आहे का, हात खांद्यापासून निघतात का, बोटे आहेत का, असतील तर पाच आहेत का, असे एकूण ५१ मुद्दे. प्रत्येकाला एक गुण. एक गुण म्हणजे मनाचे साधारण तीन महिने. ती यादी मी शिकत असताना वहीत उतरवून घेतली होती. चित्रकलेच्या मास्तराला आपल्याच विषयातून बुद्धी मोजता येते, याचा मला कोण अभिमान!

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी पाचवीला कागद वाटले आणि म्हणालो, "माणूस काढा. पूर्ण काढा." त्या पोराने एक गोल काढला, त्याखाली चार रेघा. मान नाही, बोटे नाहीत. मी मोजले, नऊ गुण भरले. म्हणजे अंगाने दहा वर्षांचा आणि मनाने पाचाच्या आसपासचा. ही गोष्ट मी मधल्या सुट्टीत चहा पिताना सहशिक्षकांना सांगितली. चहाबरोबर सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत साऱ्या वर्गांत पोचते. त्यानंतर त्या मुलाला कुणी मारले नाही, कुणी रागावले नाही. कुणी काही विचारलेच नाही. सारे त्याच्याशी दयेने वागत, मीही वागलो.

दिवाळी झाली की त्याचे आईबाप ऊसतोडीला जात. तोही जाई आणि चैत्राच्या सुमारास परत येई. असे दोनदा झाले. तो सातवीत असताना त्याचा बाप शाळेत आला.

"सर, पोराचा दाखला पायजे."

"काऊन? शिकू द्या ना भाऊ."

"तुमीच त म्हनले होते का याच्या डोक्यात काई राह्यत नाई. मंग कायले त्याचे दिवस खराब कराचे? आमच्यासंगं राह्यला त मोळ्या बांधू लागन."

त्या बोलण्यात राग नव्हता. मास्तरांनी तपासून सांगितलेली गोष्ट तो मला परत ऐकवीत होता, जशी डॉक्टरने दिलेली चिठ्ठी औषधाच्या दुकानात दाखवावी तशी. मी "बरं" म्हणालो. दाखल्यावर कारण पडले, स्थलांतर.

मुलीने तो प्रश्न विचारल्यानंतर काही महिन्यांनी, गेल्या वर्षी मे महिन्यात, चित्रकलेच्या खोलीतले कपाट वाळवी लागली म्हणून रिकामे केले. त्यात त्या वर्षीचे गठ्ठे निघाले. एकावर विषय लिहिलेला होता, "मी पाहिलेले काम", महिना सप्टेंबर. त्यात त्याचा कागद होता. उसाचे रान. पुढे वाकलेला एक माणूस. डाव्या हाताने ऊस धरलेला, चार बोटे पुढून आणि अंगठा मागून. उजव्या हातात कोयता. डोक्याला फडके, त्याची गाठ मानेवर. गुडघे जितके वाकायला हवेत तितकेच वाकलेले. मागे डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई. कोपऱ्यात माझ्याच अक्षरात "क" श्रेणी. रंग भरलेला नव्हता म्हणून दिली असणार. चित्र मी पाहिलेच नव्हते.

जुनी वही शोधली, यादी काढली आणि तिथेच जमिनीवर बसून मोजले. एकोणतीस भरले. म्हणजे दहाच्या आसपास. जेवढे त्याचे वय तेवढेच. जुलैत नऊ आणि सप्टेंबरात एकोणतीस. दोन महिन्यांत कुणाचे मन पाच वर्षांनी वाढत नाही.

घरी येऊन मुलीला सारे सांगितले. मी म्हणालो, "त्या पोराने हात लोंबवून रिकामा उभा असलेला माणूस कधी पाहिलाच नसेल. काम करणारा माणूस त्याला काढता आला." मला ते वाक्य आवडले होते; कादंबरीत शोभले असते. ती म्हणाली, "बाबा, हेही अनुमानच. त्याला तुमची भाषा कळली नसेल. नाही तर नवीन शाळेला भ्याला असेल. नाही तर त्या दिवशी त्याला ताप असेल." खरेच होते. आधी मी त्याला मंद ठरवले होते, आता करुण पात्र ठरवीत होतो. दोन्ही वेळा त्याला न विचारता.

तेव्हा मी ते तागडीचे पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. त्यातल्या एकेका रुक्ष शब्दापुढे आता मला तो पोरगा उभा दिसू लागला. मोजमाप विश्वसनीय हवे, म्हणजे आज एक आणि उद्या दुसरे येता कामा नये. मी एकदाच मोजून निकाल दिला होता. मोजमाप वैध हवे, म्हणजे जे मोजतो म्हणतो तेच मोजले गेले पाहिजे. मी कदाचित ओळख, भीती आणि भाषा मोजली आणि त्याला बुद्धी म्हटले. आणि मोजमापाचे कोष्टक त्याच लोकांतून बसवलेले हवे. १९४० साली ऑक्सफर्डने व्ही. व्ही. कामत यांचा ग्रंथ काढला. फ्रेंच बिने यांची बुद्धिकसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवताना नुसते भाषांतर करून भागले नाही, ती इथल्या मुलांना देऊन कोष्टके नव्याने मांडावी लागली. ही माणूस काढण्याची कसोटीही बडोद्याच्या विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी गुजरातेतल्या मुलांची चित्रे जमवून १९६०च्या दशकात भारतीय मुलांसाठी बसवली. माझ्या वहीत मात्र अमेरिकेतली यादी होती आणि समोर तांड्यावरचा मुलगा. वेन डेनिस नावाच्या संशोधकाने सीरियातल्या बदाऊनी लोकांकडून माणसाची चित्रे काढून घेतली होती. त्यांचे गुण फार कमी भरले. ज्यांच्या आयुष्यात चित्र म्हणून वस्तू फारशी नाही, त्यांच्याकडून दुसरे काय येणार! आज जाणते मानसशास्त्रज्ञ एकट्या अशा चित्रावरून कुणाच्या बुद्धीचा निवाडा करीत नाहीत.

हे झाले मोजमापाचे. पण मोजल्यानंतर जे घडले ते मला अधिक लागले. ते समजायला मला आमच्या लहानपणचा नंदीबैल उपयोगी पडला.

सुगी झाली की गुबूगुबू वाजवीत नंदीवाला गावात येई. पाऊस पडेल का, म्हटले की बैल मान हलवी. मी एकदा विचारले होते, मी पास होईन का? बैल हो म्हणाला आणि मी पास झालो. पुढे कित्येक वर्षे मी ही गोष्ट सांगत असे. माझ्या सोबत्यालाही बैलाने हेच सांगितले होते आणि तो नापास झाला, ही गोष्ट मी कधी सांगितली नाही. ती मी मोजलीच नव्हती. नंदीवाल्याची खूण मात्र आम्हा पोरांनाही ठाऊक होती. दोरीला किंचित हिसका बसला की मान हले.

बर्लिनमध्ये असाच एक घोडा होता. त्याचे नाव हान्स. त्याचे मालक फॉन ओस्टेन हे निवृत्त गणितमास्तर. बेरीज विचारली की घोडा टापा आपटून उत्तर देई. १९०४ साली जाणत्यांची समिती बसली. तिला कसलीही लबाडी सापडली नाही, आणि नव्हतीही. मग ओस्कार फुंग्स्ट या तरुणाने एक साधी युक्ती केली. ज्याचे उत्तर विचारणाऱ्यालाच ठाऊक नाही असे प्रश्न विचारायला लावले. घोडा चुकू लागला. विचारणारा दिसेनासा केला, तरी चुकू लागला. फुंग्स्टने १९०७ साली लिहून ठेवले आहे: विचारणारा टापा पाहायला नकळत पुढे झुकतो आणि बरोबर आकडा आला की नकळत ताठ होतो. घोडा गणित करीत नव्हता. तो माणूस वाचीत होता. नंदीवाल्याला निदान आपण दोरी ओढतो हे माहीत असते. फॉन ओस्टेन मास्तरांना ते माहीत नव्हते. मला तरी कुठे होते?

१९६८ साली रॉबर्ट रोझेंथाल आणि लिनोर जेकबसन यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. एका अमेरिकन शाळेत त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि सांगितले, आमच्या कसोटीप्रमाणे ही मुले यंदा फुलणार. नावे खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढलेली होती, पाचांतून एक. वर्षाअखेर, विशेषतः लहान वर्गांत, त्या मुलांचे गुण इतरांपेक्षा अधिक वाढलेले दिसले. पुढे या प्रयोगावर पुष्कळ टीका झाली आणि परिणाम आधी वाटला तेवढा मोठा नाही असे ठरले, ते मान्य. पण चहाच्या कपाबरोबर सांगितलेला आकडा वर्गात कसा उतरतो, हे मला कुणी पटवून द्यायला नको. मी ते केलेले आहे, फक्त उलट्या दिशेने.

नियंत्रित गट म्हणजे काय, हे मला आमच्या थोरल्या भावाने शिकवले. तो शेती करतो. मी त्याला म्हणालो, नवीन सोयाबीन पेरले आणि चांगले आले, म्हणजे बियाणे चांगले. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी शाळेत मुलांकडे पाहतो.

"मास्तर झाला तू, अन् एवढं बी समजत नाई? इहिरीच्या आंगचं वावर कसदार. तिथं नवं बी टाकलं त चांगलंच दिसन. म्हून म्या चार तासं नव्याची, चार तासं जुन्याची, असं सारं वावर पेरलं. आता पाहीन."

मुलीने हे ऐकले आणि म्हणाली, काकांनी एवढेच करायचे राहिले की कोणत्या तासाला कोणते बी, त्याच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ही चिठ्ठ्यांची पद्धत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रावर काम करताना बसवली आणि १९३५च्या ग्रंथात मांडली. माणसाच्या मनाचे प्रयोग आज जिच्यावर उभे आहेत ती पद्धत वावरातून आलेली आहे, हे ऐकून भाऊ म्हणाला, "मंग येनारच."

त्याला मी आणखी एक प्रयोग सांगितला. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस-शेतकऱ्यांना काही संशोधकांनी पीक निघण्याआधी, हात ओढलेला असताना, बुद्धीची कोडी घातली आणि पीक विकल्यावर त्याच माणसांना पुन्हा घातली. २०१३ साली त्यांनी प्रसिद्ध केले की पैसा हाती आल्यावर तीच माणसे अधिक चांगली कोडी सोडवतात. त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. भाऊ बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पेरनीच्या टाइमाले मले कोनी काई इचारू नये." मी त्या पोराला जुलैत विचारले होते.

गेल्या वर्षी मी पुन्हा कागद वाटले. या वेळी पालकसभेत आधी सांगितले, कुणाचे बरेवाईट ठरवणार नाही म्हणून कबूल केले. सप्टेंबरात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा. नावे मागच्या बाजूला लिहून दुमडायची आणि मी व मुलीने वेगवेगळे मोजायचे, असे ठरले. चौतीस कागदांपैकी नवांवर आमचे आकडे तिनाहून अधिकाने चुकले. घड्या उघडल्या तेव्हा दिसले की त्यातल्या बहुतेकांना मी जास्त गुण दिले होते आणि ती माझ्या ग्रेड परीक्षेच्या तयारीतली मुले होती. नाव झाकले तरी मास्तराला हात ओळखू येतो. मी झुकलोच होतो, त्या घोड्यापुढे झुकत तसा.

दिवाळीनंतर अठ्ठावीस कागद आले. सहा मुले ऊसतोडीला गेली होती. पहिल्या गठ्ठ्यातल्या सहा चित्रांना दुसऱ्यात जोडी नव्हती. मी दोन्ही वेळची सरासरी काढली. दुसरी अधिक भरली. क्षणभर बरे वाटले. मग मुलीने त्या सहांचे सप्टेंबरचे आकडे पुढे ठेवले. चौघांचे वर्गात सगळ्यांत कमी होते. शाळा हुशार झाली होती ती त्या सहा जणांच्या गावात नसण्यामुळे. पुस्तकात याविषयी दोन-तीन ओळीच आहेत: मधूनच किती जण गळले आणि ते कोण, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. मी नोंदवले. त्याआधीच्या वीस वर्षांच्या माझ्या सरासऱ्यांत असे किती जण नव्हते, ते आता कुठून काढणार?

ती सहा मुले मार्च-एप्रिलात परत आली. त्यांना मी एकेकटे बसवून कागद दिला. घाई केली नाही. म्हणालो, "माणूस काढा."

एक मुलगी पेन्सिल धरून बसून राहिली. खाली पाहत होती. मी मनात काही ठरवले नाही. निदान ठरवू नये म्हणून खटपट केली. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"कोनता मानूस, सर?"

त्या पोराला हा प्रश्न पडला होता की नाही, मला माहीत नाही. पडला असता तरी विचारायची सोय मी ठेवली नव्हती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो आणि विचारले, "तुले कोनता काढायचा आहे?"